तीन पौंडांचा फरक

पाइपाचे तोंड कानशीने घासून त्रिंबकने त्यावरून अंगठा फिरवला. एका जागी किंचित खरखरीत लागले, म्हणून पाइप पुन्हा व्हाइसमध्ये आवळून तो कानस उचलणार एवढ्यात मोतीराम गॅरेजात शिरला. कंपनीचा निळा शर्ट त्याने अजून बदललेला नव्हता. पहिली पाळी सुटल्यावर तो सायकल मारत सरळ छावणीत आला होता.

“राहू दे ते,” मोतीराम म्हणाला.

“थांब जरा. एवढं एक तोंड झालं की चारी पाइप तयार. गाडी रंगवून आली की लगेच बसवायचे.”

“गाडी रंगवायला गेलेली नाय, त्रिंबक.”

त्रिंबक हसला. शनिवारी गाडी ट्रकवर चढवली तेव्हा दोर बांधायला तो स्वतः होता. गॅरेजचा मालक कारभारी त्याच्याशेजारी उभा राहून सांगत होता की पुण्यात रंगाचा एक कारागीर आहे, आठ दिवसांत गाडी परत येते. त्यावर आणखी विचारण्यासारखे त्रिंबकला काही वाटले नव्हते. नऊ वर्षे ज्याच्याकडे काम केले त्याला माणूस उलटतपासणी घेत बसत नाही.

मोतीरामने शर्टाच्या आतून घडी केलेले दोन कागद काढले, टेबलावर पसरले आणि पंख्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर लोखंडी पाने ठेवले.

“टूलरूमच्या साहेबानं दिले. म्हणला, गाडी आता पुण्याच्या गॅरेजात बनणार, ह्याच्यातल्या फ्लँजची, पाइपांच्या जोडकड्यांची, मापं नीट काढून तिकडं फॅक्स कर. मी म्हणलं, साहेब, ही मापं माझ्याच लेथवरची हायेत, मलाच कामून विचारता? तर म्हणला, तू तुझं काम कर.”

कागद इंग्रजीत टाइप केलेले होते. त्रिंबकचे इंग्रजी स्पेअर पार्टच्या खोक्यांवर जेवढे असते तेवढेच. पण त्या कागदांवरही नेमके तेवढेच होते. टर्बो, पिस्टन, गॅस्केट, पंप. आकड्यांना तर भाषा लागतच नाही. काळे पडलेले बोट तो एकेका ओळीखालून नेत राहिला. पुढच्या बंपरमागे हवा थंड करणारी मोठी जाळी. हेडखाली एक मिलिमीटर जाड तांब्याचे गॅस्केट. पेट्रोलचा दुसरा पंप. धूर टर्बोकडे नेणारे सारख्या लांबीचे चार पाइप, ज्यांतला चौथा आत्ता त्याच्यासमोर व्हाइसमध्ये होता. आधी काय करायचे, मग काय, सगळे त्याच क्रमाने. पंप बसल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नाही, हेसुद्धा. हे वाक्य त्रिंबकचे होते. गेल्या श्रावणात ते तो दहादा तरी बोलला असेल.

“खाली काय लिवलंय?”

मोतीरामने वाचले, “प्रिपेअर्ड बाय. म्हंजे, कुणी तयार केलं. कारभारी मोटर्स, छावणी. त्याच्याखाली, कारभारी, टेक्निकल अ‍ॅडव्हायझर.”

“आन?”

“आन काय? संपला कागद.”

गाडी मोतीरामच्या कंपनीच्या मालकाची. सगळे त्यांना सेठच म्हणत. दहा वर्षांपूर्वीची, दोन दारांची, जमिनीला चिकटल्यासारखी बसकी जपानी टर्बो गाडी. सेठने ती मुंबईहून हौसेने आणली आणि वर्षभरात तिची पार रया गेली. टर्बो म्हणजे एक चाक असते. इंजिनाच्याच धुराच्या जोराने ते गरगर फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. जितकी हवा जास्त, तितका जोर जास्त. या गाडीचे ते चाक घासत होते, हवा गळत होती, आणि सेठने तर मुंबईच्या दोस्तांशी पैज मारून ठेवली होती की फेब्रुवारीत कन्नडच्या घाटात बघू कोणाची गाडी आधी वर जाते ते. गाडी नुसती दुरुस्त करून भागणार नव्हते. ती नवी होती तेव्हाहून जोरकस करायची होती. तेव्हा कारभारीच म्हणाला होता, “सेठ, आमचा त्रिंबक करील.”

सोयगावकडच्या मेंढपाळाचा हा पोरगा. मेंढी धापा टाकायला लागली की बाप तिच्या बरगडीला कान लावायचा. हा इंजिनाला लावायचा. पण घोटीव अक्षर, बोलणेचालणे, गिऱ्हाईक सांभाळणे हे सगळे कारभारीचे. वाळूजकडची त्याची जमीन कारखान्यांत गेली, तेव्हा त्याने गॅरेज टाकले आणि पहिल्या दिवशी पहिला माणूस ठेवला तो त्रिंबक.

त्या वर्षी शहर धड आठ दिवस सलग उघडे राहत नव्हते. विद्यापीठाच्या नावावरून आज या बाजूचा मोर्चा, उद्या त्या बाजूचा बंद. बंदच्या दिवशी कारभारी शटर खाली ओढायचा आणि आत तिघे त्या गाडीभोवती बसायचे. मोतीराम भावसिंगपुऱ्याचा, नामांतराच्या मोर्च्यांत पुढे असणारा. कारभारीचे सगळे भाऊबंद नामांतराच्या विरोधातले. त्याने स्वतः कुठल्याशा निवेदनावर सहीसुद्धा केली होती. तरी एकदा बंदवाली पोरे शटरवर लाथा मारू लागली तेव्हा कारभारी बाहेर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आत कोन्नी नाय. गाड्या हायेत नुसत्या.” मोतीराम तेव्हा आत गाडीखाली आडवा होता. त्या दिवसापासून त्रिंबकच्या मनात कारभारीची जागा फार वर गेली. त्याने जीव मागितला असता तर त्रिंबकने दिला असता.

त्याच बंदांत सगळा बेत ठरला. त्रिंबक बोलायचा आणि कारभारी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर उतरवून घ्यायचा. कॅलेंडर भरत गेले, तसा कारभारीही रंगात आला. “गाडी आपण तिघांनी करायची,” तो म्हणाला होता, “आन घाटात बी तिघांनीच जायचं.”

“ऱ्हायलं आसंल नाव,” त्रिंबक कागदाकडे बघत म्हणाला. “टाइप करताना. घाईत.”

“व्हय. आमचं विद्यापीठाचं बी सोळा वर्सं घाईतच ऱ्हायलंय.”

व्हाइसची मूठ सैल करून त्रिंबकने पाइप काढला आणि बाकीच्या तिघांशेजारी ठेवला. चारही पाइप सारखे होते, अगदी सुताचाही फरक नव्हता. पुण्यात असेच दुसरे चार होणार होते. हे केसाने गळा कापणे होते आणि कापणाऱ्याने दोर बांधायलाही त्यालाच उभे केले होते.

मग त्याची नजर दुसऱ्या पानावरच्या एका आकड्यावर अडली. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब. बारा पौंड.

“मोतीराम, हे बारा लिवलंय का?”

“बाराच. का?”

“बारा नाय ते. नऊ हाय.”

गॅरेजातले दाब मोजायचे मीटर त्रिंबकने छावणीच्या बाजारात घेतले होते. लष्कराच्या मोडीतले, पितळी, हातात धरले की वजन जाणवणारे. दोन वर्षांपूर्वी ते हातातून फरशीवर पडले आणि तेव्हापासून तीन पौंड जास्त दाखवायला लागले. दुसरा कोणी असता तर त्याने ते भंगारात टाकले असते. त्रिंबकने ठेवले. हे खोटे बोलते, पण नेहमी तेवढेच बोलते, असे तो म्हणायचा. मीटरवर बारा म्हणजे खरे नऊ. गाडी जमेल तशी जोडून त्याने घेतलेल्या चाचण्याही त्याच मीटरवरच्या. नऊ पौंडांना ते इंजिन मजेत ओढत होते. खऱ्या बारा पौंडांना, आपल्याकडच्या पेट्रोलवर, पिस्टन जास्त वेळ टिकले नसते.

त्याने बारा सांगितले, कारभारीने बारा लिहिले. वजाबाकी सांगायचे त्याच्या डोक्यातही आले नाही. मीटर आपले, गाडी आपण करणार, कळायचे ते आपल्याला कळते, मग सांगायचे कोणाला?

“म्हंजे पुन्यावाले खरे बारा लावतील,” मोतीराम सावकाश म्हणाला.

“व्हय.”

“मंग लावू दे की. घाटात सगळ्यांसमोर बसू दे गाडी. टेक्निकल अ‍ॅडव्हायझर!”

“इंजिनानं काय केलंय कुणाचं?”

मोतीरामने त्याच्याकडे पाहिले, कागदांची घडी केली आणि शर्टात घातली. “तू सांगायला जानार,” तो म्हणाला. “मला ठावंच होतं.”

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाचे काहीतरी जाहीर होणार, अशी गावभर कुणकुण होती. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. शहागंजात निम्मी दुकाने उघडी, निम्मी अर्ध्या शटरवर. वाणाच्या सुगडांचे ढीग मात्र रस्त्यावर मांडलेलेच होते. त्रिंबक सायकलवरून सिडकोकडे, कारभारीच्या घरी निघाला होता. एका नाक्यावर हवालदाराने काठी आडवी घातली.

“नाव?”

“त्रिंबक.”

“पुढं सांग. आडनाव.”

आडनाव ऐकून हवालदाराच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. काठी वर झाली. पुढच्याच नाक्यावर निळे झेंडे घेतलेली पोरे टेम्पोतून विद्यापीठाकडे चालली होती. काही बायका चालत, काखेत लेकरे घेऊन. त्यांत मोतीराम कुठे दिसतो का, म्हणून त्रिंबकने एकदा मान वळवली. दिसला नाही.

वाटभर तो बोलायचे वाक्य जुळवत होता. भांडायचे नाही, हे त्याने ठरवले होते. नावाचा विषयही काढायचा नाही. ज्याला द्यायचे असते तो मागायची वेळ येऊ देत नाही. फक्त आकडा सांगायचा आणि उठायचे. खरे तर मनाच्या तळाशी आणखीही एक वेडी आशा होती. आपण एवढे सांगायला आलो हे पाहून कारभारीला लाज वाटेल, त्याचे डोळे भरतील, तो म्हणेल, चल, आत्ताच्या आत्ता पुण्याला जाऊ. असले काही घडत नाही हे पस्तिशीच्या माणसाला कळते. तरी सायकल चालवताना ते पुन्हा पुन्हा मनात येत होते.

कारभारीच्या घराच्या दोन खोल्यांवर आता आणखी एक मजला चढला होता. दार त्याच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, उघडले.

“भाऊजी! या, या. आज सण आन तुमीच पयले.” त्यांनी वाटीतून दोन तिळाचे लाडू त्याच्या हातावर ठेवले. “घरून सुगंधाला नाय आणलं?”

“माहेरी गेलीय, वहिनी.”

कारभारी आतून आला. पांढरा सदरा, ओले केस. त्रिंबकला पाहून तो क्षणभर दारातच थांबला आणि मग जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, “बस ना, बस.”

दोघे बसले. द्वारकाबाई आत चहाला गेल्या.

“मोतीरामनं सांगितलं आसंल,” कारभारी म्हणाला.

“व्हय.”

“माझ्या मनात नव्हतं, त्रिंबक. सेठला पुण्याचं नाव पायजे होतं. मुंबईवाल्यांना सांगायला. छावणीतल्या गॅरेजात केली म्हणलं तर हासले असते, म्हणत होता. आन मला म्हणला, वाळूजच्या नव्या प्लँटच्या सगळ्या गाड्यांचं काम तुझ्याकडं. आता तूच सांग, मी काय करायचं होतं?”

त्रिंबक लाडूंकडे बघत होता.

“तुला बी लावतो तिकडं. हेडमेकॅनिक. सावलीत काम, दिवाळीला बोनस. माझं बोलणं झालंय.”

“दादा, मी दुसऱ्या कामाला आलोय. त्या कागदावर बूस्टचा आकडा हाय ना, बारा...”

कारभारीने हात वर केला आणि हसला. त्रिंबक आल्यापासून पहिल्यांदाच तो मोकळे हसला.

“ते व्हय! ते मला ठावं हाय. मीटरचा तीनाचा फरक.”

त्रिंबकने मान वर केली.

“तुला काय वाटलं, मला नाय कळायचं? चार वर्सं पाना हातात धरला नाय, पण गॅरेज माझंच हाय. पोरं रोज बोलतात, तीनाचा फरक, तीनाचा फरक. कागद टाइपला दिला तवाच माझ्या ध्यानात आलं की हे तू लिवायला सांगितलंच नाय.” तो जरा पुढे वाकला, आवाज खाली आणला. “खरं सांगू? मला वाटलं, मुद्दाम सोडलंस.”

“मुद्दाम?”

“म्हंजे, उद्या आपली काही तेढ झाली, तर आपल्या हातात काहीतरी ऱ्हावं म्हणून. मला राग नाय आला हां. मी बी तेच केलं असतं. मी फक्त पुन्याला फोन करून सांगून टाकलं.”

आतून कपबशांचा आवाज येत होता. कागद चोरला, नाव चोरले, गाडी फसवून नेली. हे सगळे गिळून त्रिंबक इथवर आला होता. पण शटर खाली ओढून, एका ताटात भाकर मोडत, ज्याला तो गाडीची एकेक नळी समजावून सांगत होता, तो समोर बसून लिहिणारा माणूस त्याला असला समजत होता. शटरबाहेर उभा राहिलेला तो कारभारी कोण होता मग?

“काय सांगितलं पुन्याला?” त्याने विचारले.

“म्हणलं, आमचं मीटर तीन पौंड कमी दाखवतं. बारात तीन मिळवा. पंधरा धरा.”

“पंधरा.”

“पंधरा. का? बरोबर हाय ना?”

कारभारी त्याच्याकडे बघत राहिला. ती नजर त्रिंबकच्या चांगली ओळखीची होती. गिऱ्हाईक गाडी न्यायला आले की कारभारी असाच त्याच्याकडे बघायचा, आणि त्रिंबकने मान हलवली की निर्धास्त होऊन गिऱ्हाइकाला म्हणायचा, घेऊन जा, काळजी करू नका.

पंधरा पौंडांना काय होईल, हे त्रिंबकला कागदाशिवाय दिसत होते. सुरुवातीला काहीच होणार नाही. उलट गाडी अशी उसळेल की सेठला वाटेल पैसे वसूल झाले. पहिले वळण ती सहज घेईल. दुसरेही. मग तो लांबलचक सरळ चढ, जिथे पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा प्रश्नच येत नाही, तिथे आतली उष्णता साचत जाईल आणि तो चढ संपता संपता, तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी, पिस्टनला भोक पडेल. आतल्या माणसाला काही इजा व्हायची नाही. पांढरा धूर निघेल, गाडीचा जोर जाईल, मागचे लोक हॉर्न वाजवत पुढे निघून जातील. एवढेच. पण ते चार पिस्टन त्याने स्वतः काढले होते. त्यांच्यावरचा दहा वर्षांचा काजळीचा थर लाकडाच्या ढलपीने खरवडला होता, ओरखडा नको म्हणून. त्या इंजिनाला बरे करण्याइतके त्याने आयुष्यात दुसरे काही मनापासून केले नव्हते.

चार शब्दांचे काम होते. मिळवू नका, वजा करा.

द्वारकाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कप पुढे केला आणि त्रिंबकने तो घेतला.

“बरोबर हाय ना, त्रिंबक?” कारभारीने पुन्हा विचारले.

“बरोबर हाय,” त्रिंबक म्हणाला.

कारभारीने मोठा श्वास सोडला आणि पाठ खुर्चीला टेकली. “बघ, मी हिला म्हणलं होतं, त्रिंबक मनात धरून ठेवायचा नाय. दिलाचा मोठा माणूस हाय. आता एक काम कर. घाटात ये. फेब्रुवारीच्या अकरा तारखेनंतरचा रविवार धरलाय. वर सेठच्या पाव्हण्यांसाठी मांडव घालणार हायेत, तिथं तुझी खुर्ची माझ्या बाजूला. माझा शब्द हाय.”

“येतो. पण वर नको.”

“मंग?”

“मी तिसऱ्या वळणावर थांबतो.”

“तिथं कशाला? तिथून काय दिसणार?”

त्रिंबकने चहा संपवला, कप वहिनींच्या हातात दिला.

“दिसतं तिथून,” तो म्हणाला, आणि चपला घालायला वाकला.